अणुशास्त्रज्ञाची पत्रे आणि आपल्या घरची ट्रंक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



  मी काही मोठा वक्ता नाही. या जिल्ह्यातील शाळांतून आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकविले, एवढीच माझी ओळख. तेव्हा वर्गात बोलावे तसेच आज बोलणार आहे. तुम्हीही वर्गात ऐकता तसे ऐकू नका, म्हणजे झाले!

सहावीत आणि नववीत शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी आज एक शब्द सारखा असतो, 'होमी भाभा'. "सर, मी होमी भाभाला बसू का?" असे मुले विचारतात. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या संघटनेने चालविलेली ही बालवैज्ञानिक स्पर्धा गावोगाव पोहोचली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मी एकदा एका हुशार मुलाला विचारले, "बेटा, होमी भाभा म्हणजे कोण?" तो म्हणाला, "सर, परीक्षा." मी पुन्हा विचारले, "अरे, पण तो माणूस कोण?" तो गप्प राहिला. त्या दिवसापासून माझ्या मनात होते की, एकदा मुलांना आणि विशेषतः त्यांच्या अम्मी-अब्बांना हा माणूस सांगावा. आज ती संधी मिळाली आहे. मात्र पाठ्यपुस्तकातला धडा मी वाचणार नाही. मी त्यांच्या पत्रांविषयी बोलणार आहे. हे का, ते शेवटी आपल्या लक्षात येईल.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्या शहराचे आजचे नाव अहिल्यानगर. पूर्वीच्या अहमदनगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत पंडित नेहरू होते, सरदार पटेल होते आणि मौलाना अबुल कलाम आझाद होते. मौलानासाहेब पहाटे तीन-चारला उठत, आपला आवडता चहा स्वतः करीत आणि लिहावयास बसत. ते आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. गंमत अशी की, ती पत्रे पाठविण्याची सोयच नव्हती. तरीही त्यांनी ती लिहिली व जपली. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी लिहिले, संगीताविषयी लिहिले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या बेगमसाहेबा कलकत्त्याला वारल्या. मौलाना त्यांचे शेवटचे दर्शन घेऊ शकले नाहीत. ते दुःखही कागदावर उतरले. १९४६ साली ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपाने आली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

त्याच किल्ल्यात एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. सुमारे हजार हस्तलिखित पाने भरली. आपल्या शहराचे नाव जगभरच्या वाचकांपर्यंत गेले ते या कागदांमुळे. किल्ल्याचे दगड मजबूत आहेत खरे, पण ते स्वतः बोलत नाहीत.

आता त्याच सालात आपण बंगळूरला जाऊ. नेहरू इथे पुस्तक लिहावयास बसले त्याच्या महिनाभर आधी, १२ मार्च १९४४ रोजी, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एका चौतीस वर्षांच्या प्राध्यापकाने एक पत्र लिहिले. पत्र होते सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना. लिहिणारे होते होमी जहांगीर भाभा. भौतिकशास्त्राच्या मूलभूत संशोधनाची एक उत्तम शाळा या देशात काढावी, अशी ती मागणी होती. त्यात त्यांनी एक गोष्ट फार दूरवर पाहून लिहिली. त्यांचे म्हणणे असे होते की, आणखी वीसेक वर्षांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ शोधण्यासाठी परदेशाकडे हात पसरावा लागू नये. ते घरातच तयार मिळावेत. तारीख लक्षात घ्या, मुलांनो. हिरोशिमावर बाँब पडला तो ऑगस्ट १९४५ मध्ये. हे पत्र त्याच्या सुमारे दीड वर्ष आधीचे आहे. अणू हा शब्दही तेव्हा सामान्य माणसाच्या कानावर पडलेला नव्हता.

एका पत्राने काय होते, असे आपण म्हणतो. या पत्राने काय झाले ते पाहा. १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे काम बंगळूरला सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्था मुंबईला पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. तो बंगला 'केनिलवर्थ'. भाभांचा जन्म त्यांच्या नातलगांच्या याच वास्तूत झाला होता. देश स्वतंत्र झाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग नेमला गेला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५५ साली अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद जिनिव्हाला भरली, तिचे अध्यक्षपद एका भारतीयाला, म्हणजे भाभांनाच मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. सोविएत संघ वगळता आशियातील ही पहिलीच अणुभट्टी. आणि १९६९ साली तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळू लागली. पत्रातील 'वीसेक वर्षे' थोडी लांबली, पण अंदाज खरा ठरला.

हे झाले मोठेपण. पण पालकांनो, मला आपल्याला सांगावयाचे आहे ते त्याच्या सोळा वर्षे आधीचे एक पत्र. ते मुलाने बापाला लिहिले होते.

होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला शिकावयास गेले. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे बॅरिस्टर. त्यांची इच्छा अशी की, मुलाने यंत्र-अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलादाच्या कारखान्यात मोठ्या जागेवर बसावे. नात्यातलाच कारखाना. होमीची आत्या मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. म्हणजे नोकरी घरात, पगार ठरलेला, मान ठरलेला. कोणत्या बापाला हे नको वाटेल?

ऑगस्ट १९२८ मध्ये अठरा वर्षांच्या होमीने वडिलांना पत्र लिहिले. अभियंत्याची नोकरी वा धंदा माझ्या स्वभावाला मानवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. भौतिकशास्त्र हेच माझे क्षेत्र. मोठी जागा आणि बडेपणा मला नको. संगीताच्या वेडाने पछाडलेल्याला तू शास्त्रज्ञ हो म्हणण्यात जसा अर्थ नाही, तसेच हे आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि शेवटी विनवणी होती, मला भौतिकशास्त्र करू द्या.

आपल्या घरी असे पत्र आले असते तर काय झाले असते? मी शिक्षक म्हणून पुष्कळ घरे पाहिली आहेत. एक तर अब्बा रागावले असते, "मी पैसे भरतो, तू अक्कल शिकवतोस?" किंवा लाडाने म्हणाले असते, "कर बाबा तुला काय करायचे ते." जहांगीरजींनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी करार केला. तू अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. मग गणिताच्या शिक्षणासाठी आणखी राहावयाचा खर्च मी देईन. मुलाने शब्द पाळला. १९३० साली तो यंत्र-अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात आला. बापानेही शब्द पाळला. १९३२ साली गणितातही पहिला वर्ग मिळाला आणि भाभा भौतिकशास्त्राकडे वळले ते कायमचे.

या करारात मला दोन गोष्टी दिसतात. मुलाची आवड ही खरी आवड आहे की कंटाळ्याला काढलेली पळवाट आहे, हे बापाने तपासून घेतले. हातात असलेले काम नेटाने पुरे करील त्याचीच आवड खरी. दुसरे असे की, बापाने स्वतःलाही शब्दात बांधून घेतले. आपण मुलांना अटी घालतो. आपल्या बाजूची अट मात्र विसरतो. "दहावीत नव्वद टक्के आण, मग बघू." त्या 'बघू'ला काही अर्थ नसतो, हे मुलांना पहिल्यापासून ठाऊक असते. म्हणून ती नव्वद आणीत नाहीत!

आणि एक गंमत सांगतो. न आवडणारी अभियांत्रिकी भाभांनी मन लावून केली. ती वाया गेली काय? पुढे अणुभट्ट्या उभ्या करताना लोखंड, काँक्रीट, पाणी आणि यंत्रे यांच्याशीच त्यांची गाठ पडली. केवळ कागदावर गणित करणाऱ्याला ते कितपत जमले असते?

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. भाभांनी विद्यापीठात असताना नेमके काय शोधले? आकाशातून, पृथ्वीच्या फार बाहेरून, अतिशय वेगवान कण आपल्या वातावरणावर सतत आदळत असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. अशा किरणांमुळे कणांचे अचानक झोतच्या झोत, जणू पावसाची सर यावी तसे, उपकरणांत सापडत. हे का होते, याचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. एक वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून गेला की त्यातून गॅमा किरण निघतो. तो गॅमा किरण दुसऱ्या अणुकेंद्राजवळ आला की त्यातून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा किरण सोडते, त्यांतून पुन्हा जोड्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. प्रत्येक वेळी शक्ती वाटली जाते आणि ती संपत आली की सर ओसरते. त्याआधी, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे विखुरतील याचेही गणित त्यांनी केले. त्याला आजही जगभर 'भाभा विकिरण' म्हणतात आणि मोठमोठ्या त्वरकयंत्रांत किती टकरी झाल्या हे मोजण्यासाठी ते वापरतात. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी घरी आले होते. युद्ध सुरू झाले आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. तेथे असताना त्यांच्या मनाची घालमेल कशी झाली, हेही पत्रांतूनच कळते. ऑगस्ट १९४३ मध्ये जे. आर. डी. टाटांना त्यांनी लिहिले की, योग्य परिस्थिती आणि समजूतदार आर्थिक पाठबळ नसल्याने इथल्या विज्ञानाची वाढ खुंटते. आणि १९४४ साली अमेरिकेतील सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना कळविले की, कदर आणि पैशाचा आधार मिळत असेल तर आपल्याच देशात राहून काम करणे हे कर्तव्य आहे, असे आता मला वाटू लागले आहे. पुढे पंडितजींना लिहिताना ते त्यांना 'भाई' म्हणत. कागदांतून माणूस असा उलगडत जातो. पुतळ्यावरून एवढे कळत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यातील सर्व ११७ जण गेले, त्यांत भाभाही होते. वय अवघे छप्पन्न. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. मलबार हिलवरील त्यांच्या कुटुंबाचा 'मेहरांगीर' बंगला २०१४ साली ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकला गेला. आज तो बंगलाही उभा नाही. पण त्यांची पत्रे मुंबईत कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. अभ्यासक ती वाचतात, त्यांवरून पुस्तके लिहितात. मी आज आपल्याला बाप-लेकाच्या कराराची गोष्ट सांगू शकलो, ती कुणीतरी एक पत्र फेकून दिले नाही म्हणून.

आणखी ऐका. २०१२ साली त्या पर्वताच्या हिमनदीतून भारत सरकारच्या टपालाची एक थैली वर आली. ती त्याच विमानातली होती. ४६ वर्षे बर्फात राहूनही आतील वर्तमानपत्रे वाचता येत होती. २०२० साली आणखी काही वर्तमानपत्रे सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी त्यांत होती. मित्रहो, परक्या मुलखातल्या बर्फाने आपले कागद जपले. आपल्या घरात मात्र आपण ते जपत नाही.

इथे काही पालक मनात म्हणत असतील, "मास्तर, भाभा श्रीमंत पारशी. बाप बॅरिस्टर, आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख, घरात ग्रंथालय, आत्या टाटांच्या घरात. आमच्या मुलाची आत्या कुठे?" आपले म्हणणे बरोबर आहे. म्हणून दुसरे नाव सांगतो, मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली जन्म. वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान, मुले आठ. पुढच्या शाळेसाठी मेघनादला दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहावे लागले. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत भाग घेतला म्हणून शिष्यवृत्तीही गेली. हाच मुलगा पुढे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाला, ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांची घडण ओळखण्याचे सूत्र त्याने जगाला दिले, विद्यापीठात अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र शिकविण्यास आरंभ केला आणि अणुविज्ञानाची संस्था उभारली. तिचे उद्घाटन १९५० साली मादाम क्युरींची कन्या इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. तेव्हा अणुविज्ञान हे बंगल्यातल्या मुलाचेही आहे आणि दुकानदाराच्या मुलाचेही.

आता एका मुलीची गोष्ट. माझ्या समोर उजव्या बाजूला बसलेल्या मुलींनी ही नीट ऐकावी. बिभा चौधुरी. जन्म १९१३, कलकत्ता. १९३६ साली त्या कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्या. वर्गात त्या एकट्याच मुलगी. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांचा शोध घेतला. यासाठी फोटोच्या काचा दार्जिलिंगला आणि त्याहून उंच संदकफूच्या डोंगरावर नेऊन महिनोन् महिने ठेवाव्या लागत. उंचावर हे किरण अधिक सापडतात. आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. संदकफू त्याच्या दुपटीहून अधिक. त्या काचांवर उमटलेल्या रेषांवरून मेसॉन कणाचे वस्तुमान काढण्याची त्यांची पद्धत १९४० ते १९४२ मध्ये 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम अडले. पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी सुधारलेल्या काचांवर याच वाटेने जाऊन पायॉन कण शोधला. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बोस आणि चौधुरी यांचे काम आपल्या आधीचे आहे, असे पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात मान्य केले आहे.

मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करून त्या परतल्या आणि १९४९ साली भाभांच्या संस्थेत दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ साली त्या वारल्या. हयातीत त्यांना कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. २०१८ साली दोन अभ्यासकांनी विखुरलेली माहिती वेचून त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा लोकांना नाव कळले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिले. भाभांचे कागद एका जागी नीट लावून ठेवले गेले. बिभांची माहिती दाणा दाणा वेचावी लागली. बाईच्या कामाचे कागद कोण ठेवतो?

हा प्रश्न मी विचारतो खरा, पण तो विचारण्याचा मला किती अधिकार आहे हे आता सांगतो. ही गोष्ट आजवर मी व्यासपीठावरून कधी सांगितलेली नाही.

मला एक थोरली बहीण होती. आम्ही तिला आपा म्हणत असू. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकरावीची शालान्त परीक्षा ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात ही केवढी मोठी गोष्ट होती! पुढे शिकण्याची तिची फार इच्छा होती, पण लग्न झाले. मला अपूर्णांक तिने शिकविले, चुलीपुढे बसून, पाटीवर भाकरीचे तुकडे काढून. मी गणिताचा शिक्षक झालो तो तिच्यामुळे. तिच्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. भूमिती, विज्ञान, सुबक आकृत्या, समासात तारखा. ती गेल्यावर ट्रंक माझ्या घरी आली. एके वर्षी रमजानच्या आधी घराला रंग द्यावयाचा होता. जागा हवी होती. मी ट्रंक उघडली, वरवर पाहिले आणि वह्या रद्दीवाल्याला दिल्या. सात किलो भरल्या. पैसे किती आले ते आठवत नाही. ट्रंक मात्र ठेवली, कारण ती कामाची होती!

काही वर्षांनी आपाची नात आली. पुण्याला बी. एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले होते. म्हणाली, "नाना, अम्मी सांगते की नानीचे अक्षर फार सुंदर होते. त्यांची एखादी वही आहे का? मला ती टेबलावर ठेवायची आहे." मी तिला काय सांगणार? मी म्हणालो, "पाहतो, बेटी." आणि पाहण्यासारखे काही नव्हते हे मला ठाऊक होते. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला, मुलांना 'पुरावा जपा' म्हणून शिकविणारा मी! आपल्या घरात आपल्या आधी एक शिकलेली बाई होऊन गेली, याचा पुरावा त्या मुलीला हवा होता. तो मी वजनावर विकला होता. तिला खरे सांगावयास मला आणखी एक वर्ष लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "नाना, आता माझ्या वह्या टाकू नका."

म्हणून आज मी आपल्याकडे काही मागणार आहे. ते फार अवघड नाही.

पहिली गोष्ट. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जुने रेशनकार्ड, निकाहनामा, खरेदीखत, परगावाहून आलेली पत्रे, हे सर्व वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. शेखचा स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक प्रकार आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा, जन्मतारीख दोन ठिकाणी दोन, यामुळे ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहिले आहेत. आजोबांचा शाळेचा दाखला हाती असता तर अर्धी धावपळ वाचली असती. जुन्या कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही आणि कागद बिघडतो. चिकटपट्टी लावू नका. टाचण्या काढा, त्या गंजतात. ट्रंक ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. आपल्या आया कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवीत, तोही ठेवा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे व साल लिहा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्याने प्रती काढून घ्या. पण मूळ कागद टाकू नका.

दुसरी गोष्ट. प्रत्येक मुलाची, आणि न विसरता प्रत्येक मुलीची, दर वर्षाची एक वही ठेवा. सगळ्या नकोत, एकच. तिला जी सर्वांत आवडते ती.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. दहावीनंतर मुलाशी करार करा. विज्ञान, वाणिज्य, आयटीआय, डिप्लोमा, काहीही असो, आधी त्याचे म्हणणे ऐका. तोंडाने बोलावयास तो बिचकत असेल तर त्याला पत्र लिहू द्या. होमीने लिहिले तसे. उर्दूत लिहू दे, मराठीत लिहू दे. मग आपण आपली अट सांगा आणि आपला शब्दही द्या. ते पत्र जपून ठेवा. वीस वर्षांनी त्याची किंमत कळेल.

चौथी गोष्ट संस्थेसाठी. एक कपाट, केवळ एक कपाट, शाळेत असावे. जुन्या शिक्षकांच्या टिपणवह्या, पहिल्या तुकड्यांचे फोटो, आपल्या या स्मरणिकेचे जुने अंक, माजी विद्यार्थिनींच्या वह्या त्यात राहाव्यात. त्या कपाटासाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातून वर्गणी आजच अध्यक्षमहाराजांकडे देत आहे. आणि माझी रिकामी ट्रंकही देत आहे. तिच्यात प्रथम काय ठेवावयाचे ते आपाच्या नातीने ठरविले आहे. तिची बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रयोगवही.

मौलाना आझाद कैदेतून सुटले आणि पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे उद्घाटन १९५१ साली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे १९५३ साली त्यांच्याच हस्ते झाले. न पाठविलेली पत्रे जपणारा आणि विज्ञानाचे दरवाजे उघडणारा, हा एकच माणूस होता, हे आपण या शहरातल्यांनी तरी विसरता कामा नये.

मुलांनो, यंदा 'होमी भाभा'ला जरूर बसा. आणि कुणी विचारले की होमी भाभा कोण, तर सांगा, ज्याने अठराव्या वर्षी वडिलांना पत्र लिहिले आणि दिलेला शब्द पाळला, तो मुलगा.